मुलांना मेंदूची ओळख करून देताना

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक संमेलनात बोलण्यास मला पाचारण केल्याबद्दल मी कार्यकारी मंडळाची ऋणी आहे. अशा प्रसंगी ज्ञातीचा इतिहास, उद्योगधंदे, शिक्षण अथवा विवाह यांवर बोलण्याचा आपला परिपाठ आहे. मी निवडलेला विषय प्रथमदर्शनी शाळेच्या वर्गातला वाटेल. परंतु या चार विषयांपैकी निदान शिक्षण आणि विवाह या दोहोंशी त्याचा किती निकटचा संबंध आहे, हे माझे बोलणे संपेपर्यंत आपल्या ध्यानी येईल, अशी मला उमेद आहे. मी अनेक वर्षे शाळेत शास्त्र हा विषय शिकविला, एवढाच काय तो माझा अधिकार.

मेंदूचे भाग आणि त्यांची कार्ये आपली मुले शाळेत शिकतात. शाळेच्या पुस्तकात प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ आणि मेरुरज्जू अशी नावे येतात. मुले ती पाठ करतात, आकृतीत बाण काढून लिहितात आणि परीक्षा संपल्यावर विसरतात. यात मुलांचा दोष नाही. ज्या वस्तूचे कार्य ठाऊक नाही तिचे नाव स्मरणात टिकत नाही. स्वयंपाकघरातील झारा आणि उलथणे यांतील भेद कोणत्याही मुलाला पाठ करावा लागत नाही, कारण त्यांचा उपयोग तो रोज पाहत असतो. मेंदूविषयीही हाच मार्ग धरावयास हवा. आधी कार्य, मग जागा आणि सर्वांत शेवटी नाव. हे शिक्षण वरच्या इयत्तांपर्यंत थांबवून ठेवण्याचेही कारण नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला ते घरीच, आईवडिलांकडून आणि आजी-आजोबांकडून देता येते.

आरंभ कोठून करावा? मला वाटते, टाळूपासून. घरात तान्हे मूल असले की त्याच्या टाळूला तेल घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे. अशा वेळी मोठ्या भावंडाला जवळ बोलवावे आणि तेथली मऊ जागा दुरून दाखवावी. कवटी अनेक हाडांची मिळून झालेली असते. जन्मसमयी ती हाडे पूर्ण जुळलेली नसतात, कारण आतील मेंदू झपाट्याने वाढावयाचा असतो. बहुतेक बालकांची ही पुढची टाळू एक ते दीड वर्षाच्या सुमारास भरून येते आणि सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार प्रौढ मेंदूच्या सुमारे नऊ-दशांश होतो. एवढे ऐकल्यावर लहानग्या बाळाला कोणी जोराने हलवू नये किंवा खेळता खेळता वर उडवू नये, हे त्या मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

या वयाचे मूल हमखास एक प्रश्न विचारते : मग मन कोठे असते? हा प्रश्न लहान नव्हे. आपल्या चरक-सुश्रुतांनी चेतनेचे स्थान हृदय मानिले आणि ग्रीक देशात ॲरिस्टॉटलचेही मत तसेच होते. आपली भाषा अद्यापि त्याच कल्पनेवर चालते. आपले काळीज धडधडते, दुःखाने ऊर भरून येतो आणि प्रेम हृदयात दाटते. भाषेने असेच बोलत राहावे, तिच्यात काही उणे नाही. मुलाला मात्र सांगावे की भीती वाटली असता छाती धडधडते ती मेंदूने तशी आज्ञा दिली म्हणून, आणि आठवण, विचार, राग, लोभ या सर्वांचे कामकाज कवटीच्या आत चालते.

प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅम वजनाचा असतो. शरीराच्या वजनाचा तो जेमतेम पन्नासावा हिस्सा. परंतु स्वस्थ बसलेल्या शरीराला लागणाऱ्या शक्तीचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा खर्च करतो. त्यात सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. हा एवढा ऐवज कवटीत कसा सांभाळला आहे, हे दाखविण्यास एक अंडे आणि घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा पुरे. प्रथम कोरड्या डब्यात अंडे ठेवून मुलाला डबा हलवू द्यावा. अंडे तडकते. मग दुसरे अंडे घेऊन डबा पाण्याने काठोकाठ भरावा आणि तितकेच हलवू द्यावे. आता ते बहुधा शाबूत राहते. मेंदूभोवती आणि त्याच्या पोकळ्यांत असेच सुमारे १५० मिलिलिटर द्रव असते. त्यात तो तरंगत असल्यामुळे त्याचा भार तळाला सुमारे ५० ग्रॅमइतकाच भासतो. यानंतर मुलाला विचारावे, हाच डबा उंचावरून फरशीवर आपटला तर पाणी पुरे पडेल काय? मूल स्वतःच ‘नाही’ म्हणेल. त्या क्षणी शिरस्त्राणाचा, म्हणजे हेल्मेटचा, धडा पूर्ण होतो. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे दुचाकीवर बसणाऱ्या चार वर्षांवरील प्रत्येकाला ते आवश्यक आहे. वडिलांच्या डोक्यावर हेल्मेट आणि पुढे टाकीवर बसलेले मूल बोडके, हे दृश्य आपल्या ज्ञातिगृहाच्या फाटकापाशीही दिसते. कायद्याने जे साधत नाही ते अंडे पाहिलेले मूल हट्टाने साधील.

आता भागांकडे वळू. सर्वांत खाली, मानेच्या वर, मस्तिष्कपुच्छ आहे. जुन्या पुस्तकांत यालाच लंबमज्जा म्हणत. श्वास आणि हृदयाचे ठोके यांचे नियंत्रण येथून होते. मुलाला क्षणभर श्वास रोखून धरावयास सांगावे. श्वास रोखण्याची आज्ञा मोठ्या मेंदूने दिलेली असते. परंतु थोड्याच वेळात खालून अशी निकड येते की ती आज्ञा मोडून श्वास घ्यावाच लागतो. आपण झोपी गेलो तरी श्वास चालू राहतो तो या बोटभर भागाच्या जागरूकतेने.

त्याच्या मागच्या बाजूस, डोक्याच्या पाठीमागे खालच्या अंगाला, लहान मेंदू म्हणजे अनुमस्तिष्क आहे. आकाराने लहान असला तरी मेंदूतील चेतापेशींपैकी सुमारे चार-पंचमांश एकट्या यात आहेत. हालचालींना तोल आणि अचूकपणा आणणे हे त्याचे मुख्य काम. मुलाला हात लांब करून तर्जनीने आधी समोरच्याच्या बोटाला आणि मग आपल्या नाकाच्या शेंड्याला स्पर्श करावयास सांगावे. वैद्यकीय तपासणीत डॉक्टर हीच कसोटी घेतात. मद्यप्याची पावले अडखळतात, कारण मद्य या भागावर अंमल करते. सायकल शिकताना पडणाऱ्या मुलालाही सांगावे की तुझा लहान मेंदू आता धडा गिरवीत आहे, त्याला आणखी चार फेऱ्या दे.

वर पसरलेला, अक्रोडाच्या गरासारखा वळ्यावळ्यांचा, तो मोठा मेंदू. त्याची दोन अर्धे आहेत. उजवा अर्ध शरीराच्या डाव्या बाजूस हलवितो आणि डावा उजव्या बाजूस. कपाळामागील भाग बेत आखतो, स्वतःला आवरतो आणि स्नायूंना आज्ञा देतो. माथ्याचा भाग स्पर्श जाणतो, कानांजवळचा ऐकतो आणि अगदी मागचा भाग पाहतो. डोळे पुढे असले तरी पाहण्याचे केंद्र पाठीमागे आहे, ही गोष्ट मुलांना मोठी मौजेची वाटते. तेथे मार लागला तर डोळे धड असूनही दृष्टी जाऊ शकते.

स्पर्शाचा खेळ दोन दात-कोरण्यांनी होतो. त्या अर्ध्या बोटाच्या अंतराने धरून डोळे मिटलेल्या मुलाच्या बोटाच्या टोकाला हलकेच टेकवाव्यात. तो दोन टोके सांगेल. पाठीला टेकविल्या तर एकच सांगेल. बोटे आणि ओठ यांच्यासाठी मेंदूने मोठी जागा राखून ठेवली आहे आणि सबंध पाठीसाठी थोडी. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे वाइल्डर पेनफील्ड या शल्यचिकित्सकाने जाग्या रुग्णांच्या मेंदूला सौम्य विद्युत्स्पर्श करीत हा नकाशा तयार केला आणि १९३७ साली प्रसिद्ध केला.

तव्याचा चटका बसला की हात मागे येतो तो मात्र मेंदूच्या आज्ञेने नव्हे. ती आज्ञा पाठीच्या कण्यातील मेरुरज्जूच देतो; मेंदूला वेदना कळते ती मागाहून. स्वयंपाकघरात हा प्रसंग घडलाच तर फुंकर घालता घालता ही गोष्ट सांगता येते.

थोड्या मोठ्या मुलांना हे ज्ञान मानवाला कसे झाले तेही सांगावे. १८६१ साली पॅरिस येथे पॉल ब्रोका या वैद्याकडे असा रुग्ण आला की जो बोललेले समजत असे, परंतु स्वतः ‘तान’ एवढाच उच्चार करू शके. त्याच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा डाव्या अर्धाच्या पुढील भागात विकृती आढळली. वाणीचे एक स्थान प्रथमच ठामपणे दाखविता आले. अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतात १८४८ साली फिनियास गेज नावाच्या रेल्वेच्या मुकादमाच्या गालातून शिरलेली लोखंडी पहार कपाळामागील मेंदू भेदून डोक्यातून बाहेर पडली. तो वाचला, परंतु पूर्वीचा शांत, भरवशाचा माणूस राहिला नाही, असे त्याच्या डॉक्टरांनी नोंदविले आहे. पुढे त्याने चिली देशात काही वर्षे घोडागाडी हाकण्याचे काम केले, हेही मुलांना अवश्य सांगावे, म्हणजे इजा झालेला मनुष्य कायमचा निकामी होतो असा समज होणार नाही. तिसरी कथा हेन्री मोलेसन यांची. अपस्मारावर उपाय म्हणून १९५३ साली त्यांच्या मेंदूच्या आतील, दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बव्हंशी काढण्यात आला. झटके कमी झाले, परंतु नवीन आठवण साठेना. आरशात पाहून चांदणी काढण्याचा सराव ते दिवसेंदिवस अधिक चांगला करीत; मात्र आपण पूर्वी हे कधी केले आहे, हे त्यांना आठवत नसे. २००८ साली ते वारले. हाताची आठवण आणि प्रसंगाची आठवण मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी साठते, हे त्यांच्यामुळे जगाला कळले.

श्रोतेहो, हे सर्व मनोरंजक आहे म्हणून मी सांगत नाही. आपल्या घरांत या ज्ञानावाचून काय घडते, ते आता सांगते.

पुष्कळ घरांत दिवसा आजी-आजोबा आणि नातवंडे एवढीच माणसे असतात. आजोबांचे तोंड एकाएकी वाकडे होते, एक हात लुळा पडतो, शब्द बोबडे येतात. आपण म्हणतो, ‘अंगावरून वारे गेले’. मग तेल चोळणे, शेक देणे, मुलगा कचेरीतून येईपर्यंत वाट पाहणे सुरू होते. वस्तुतः मेंदूची रक्तवाहिनी तुंबलेली किंवा फुटलेली असते. मोठी वाहिनी तुंबली तर दर मिनिटाला सरासरी सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि तेही क्ष-किरणांनी मेंदूचे चित्र घेऊन रक्तस्राव नाही अशी खात्री पटल्यावर. ज्या नातवाला ठाऊक आहे की डावा मेंदू उजवा हात हलवितो आणि वाणीचे स्थान बहुधा तेथेच आहे, त्याला उजवा हात आणि वाणी एकदम का गेली हे उमजेल. त्याला तीनच गोष्टी शिकवाव्यात : आजोबांना हसावयास सांगणे, दोन्ही हात वर धरावयास सांगणे आणि एखादे वाक्य म्हणावयास सांगणे. यांतील एकही बिघडलेली दिसली तर घड्याळ पाहून वेळ टिपावी, १०८ क्रमांक फिरवावा आणि तोंडात पाणी, अन्न किंवा गोळी काहीही घालू नये. दहा वर्षांचे मूल एवढे निश्चित करू शकते.

दुसरी गोष्ट अपस्माराची. आपण जिला फीट, फेफरे किंवा आकडी म्हणतो. मेंदूतील चेतापेशी विजेच्या सूक्ष्म संकेतांनी एकमेकींशी बोलतात. पुष्कळ पेशी एकाच वेळी, अनावरपणे बोलू लागल्या की झटका येतो. यात भूतबाधा नाही, पूर्वजन्मीचे पाप नाही आणि तो स्पर्शाने पसरतही नाही. अशा वेळी कांदा किंवा चप्पल हुंगविण्याने काही साधत नाही, आणि दातांत चमचा घातल्याने दात अथवा जबडा मोडण्याचे भय असते. रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, भोवतालच्या टणक वस्तू दूर कराव्यात आणि झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला तर रुग्णवाहिका बोलवावी. वर्गात एखाद्या मित्राला झटका आला असता पळून जाणारी मुले आणि त्याला कुशीवर वळविणारी मुले यांतील अंतर एका तासाच्या शिकवणीचे आहे.

आणि येथे विवाहाचा विषय येतो. आपल्या संस्थेचे वधू-वर मेळावे भरतात, स्थळांच्या याद्या निघतात. ज्या मुलीला लहानपणी फीट येत असे, तिची गोष्ट किती घरांत चार भिंतींआड दडविली जाते, हे येथील वडीलधाऱ्या भगिनी माझ्याहून अधिक जाणतात. लग्न जमते, आणि सासरी कळू नये म्हणून मुलगी गोळ्या घेण्याचे बंद करते. औषध एकाएकी तोडल्याने झटके पुन्हा, पूर्वीहून तीव्रतेने येऊ शकतात. मग फसवणुकीचा आरोप, माहेरी पाठवणी आणि दोन घरांचे वैर. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली अपस्माराचे वारंवार येणारे झटके विवाहाच्या आड येणाऱ्या गोष्टींत घालण्यात आले होते. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकण्यात आला. कायद्याने जो कलंक पुसला तो आपण मनात का जपावा? योग्य उपचार मिळाले तर सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांवाचून जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशा स्त्रिया संसार करतात, माता होतात. औषधांची योजना मात्र गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी लागते, आणि लपविलेल्या आजाराबाबत हे घडणे शक्य नसते. म्हणून मी म्हणते, ही गोष्ट लग्नाच्या बोलणीत मोकळेपणाने सांगावी आणि ऐकणाऱ्यांनीही ती दम्याची किंवा मधुमेहाची गोष्ट ऐकावी तशी ऐकावी. आज चाळीस-पन्नास वर्षांचे असलेल्यांचे मत पालटणे कठीण आहे. परंतु जो मुलगा आज आठव्या वर्षी अपस्मार म्हणजे काय हे शिकेल, तो वीस वर्षांनी वर म्हणून त्या बैठकीत बसलेला असेल.

तिसरी गोष्ट आपल्या जिभेची. ‘तुझ्या डोक्यात बटाटे भरले आहेत काय’, ‘मठ्ठ आहेस’ हे शब्द आपण सहज उच्चारतो. काही मुलांना अक्षरे वाचणे विलक्षण कठीण जाते, आणि त्यांच्या सामान्य बुद्धीत काहीच उणे नसते. वाचन ही मेंदूची जन्मजात शक्ती नव्हे. पाहण्याचे, ऐकण्याचे आणि भाषेचे भाग शिकून-शिकून एकमेकांशी जोडले जातात तेव्हा ते साधते. ही जोडणी काही मेंदूंत निराळ्या रीतीने होते. अशा मुलाला छडीची नव्हे, तज्ज्ञाची गरज असते. तसेच कपाळामागील जो भाग स्वतःला आवरतो, तो विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो. चौदा वर्षांच्या मुलाने अविचाराने काही केले तर त्याला समज द्यावीच. परंतु त्याच्या मेंदूचा लगाम अजून वळला जात आहे, हे आपण विसरू नये. आणि झोप हा आळस नव्हे. दिवसा शिकलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेत करतो. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला जागविणारे पालक त्याच्याच कमाईवर पाणी सोडीत असतात.

मेंदूच्या अज्ञानावर व्यापारही चालतो, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. मध्यमस्तिष्क जागृत करून मुलाला डोळे बांधून वाचता येईल, असे सांगणारे वर्ग अनेक शहरांत निघाले आणि पालकांनी त्यांत पैसे भरले. मध्यमस्तिष्क हा मस्तिष्कस्तंभाचा वरचा भाग. डोळ्यांची हालचाल, बाहुलीचे आकुंचन अशी त्याची कामे जन्मापासून चालू असतात. त्याला कोणी जागे करावे लागत नाही. पट्टी बांधलेली मुले वाचतात ती नाकाजवळच्या फटीतून, आणि त्यांना तसे करावयास लावणे म्हणजे पैसे देऊन खोटेपणा शिकविणे होय. मनुष्य मेंदूचा दहावाच हिस्सा वापरतो हा समजही असाच निराधार आहे. ज्या मुलाला भाग आणि कार्ये ठाऊक आहेत, ते अशा जाहिरातीपुढे थांबून ‘हे कसे?’ असे विचारील.

शेवटी कार्यकारी मंडळास माझ्या तीन विनंत्या आहेत. विद्यार्थी गुणगौरवाच्या दिवशी एक तास मुलांसाठी राखून अंड्याचा, श्वासाचा आणि दात-कोरण्यांचा प्रयोग त्यांच्याच हातून करवून घ्यावा. त्याच दिवशी पक्षाघात आणि अपस्मार यांत काय करावे, याची मराठी पत्रके प्रत्येक कुटुंबास द्यावीत. आणि वधू-वर मेळाव्यात ज्ञातीतील एखाद्या डॉक्टरांकडून अपस्मारावर अर्धा तास जाहीर माहिती द्यावी. या तिन्ही गोष्टींना मिळून जो खर्च येईल तो संमेलनातील एका दिवसाच्या हारतुऱ्यांहून अधिक होणार नाही.

 घरी गेल्यावर पुढच्या रांगांतील बालमित्रांनी आजी-आजोबांना हसावयास सांगून पाहावे. निरोगी हसू कसे दिसते हे ठाऊक असले, तरच बिघडलेले ओळखता येते.